घाटातील दोन गाड्या

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट मोटारीची खरी परीक्षा घेतो. कर्जत-खालापूर परिसरात वाढलेल्या माझ्या पिढीने या घाटात दोन गाड्यांची परीक्षा पाहिली : प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००.

पद्मिनीचे मूळ इटालियन. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये ती ‘फियाट ११०० डिलाईट’ म्हणून तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे तिचे इंजिन मागची चाके फिरवी. आमच्या काकांची पद्मिनी भर उन्हाळ्यात घाट चढताना हमखास तापे. मग बॉनेट उघडून सारे कुटुंब कडेला उभे राही. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हा संयमाचा धडा आम्ही तेथेच गिरवला. तेवढ्यात एखादा ट्रकचालक पाण्याचा डबा घेऊन येई. ‘कुठले पाहुणे?’ या प्रश्नाने ओळख होई आणि गाडी निवेपर्यंत परकेपणाही निवे.

१४ डिसेंबर १९८३ पासून मारुती ८०० ग्राहकांच्या हाती येऊ लागली. तिचे इंजिन अवघे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे आणि पुढची चाके फिरविणारे. परंतु गाडी अंगाने हलकी. ज्या घरांत मोटार हे केवळ स्वप्न होते, तेथे ती पोहोचली. पावसाळ्यातील एका रात्री आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या मारुतीने खालापूर तालुक्यातील वाडीवरून बाळंतपणात अडलेल्या एका भगिनीला रुग्णालयात नेले. मी त्या गाडीत होतो. वाटेत कोठेही थांबावे लागले नाही, याबद्दल मी परमेश्वराचे आभार मानले. म्हणूनच ‘जुने ते सोने’ असे सरसकट म्हणणे मला जमत नाही.

आज दोन्ही गाड्या इतिहासजमा झाल्या आहेत. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावरून नव्या गाड्या खालापूर केव्हा मागे टाकतात, हे आत बसलेल्यांना कळतही नाही.

वाचकहो, पूर्वी गाडीच आपल्याला थांबवीत असे आणि त्या थांबण्यातून माणसे भेटत. आता यंत्र थांबवीत नाही. थांबायचे की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते. जुन्या घाटरस्त्याच्या कडेला आजही कधी एखादे बॉनेट उघडे दिसते. आपल्या गाडीत पाण्याची बाटली असतेच.