फुकटचा खेळ
गेल्या पावसाळ्यात आम्ही अंबाजोगाईला पुतण्याच्या घरी उतरलो होतो. तो जेवणावरून दोनदा उठून गेला. खोदून विचारता कळले, की मोबाईलवर प्रौढांसाठीचा एक खेळ ‘मोफत’ म्हणून मिळाला. वयाच्या खात्रीसाठी एक रुपया मागितला. यूपीआय पिन टाकताच दरमहा ९९९ रुपयांच्या ‘ऑटोपे’ला मंजुरी गेली. (वय तपासायला पिन कशाला, हे कदाचित आम्हालाही सुचले नसते.) रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार कपातीची सूचना २४ तास आधी यावी लागते. ती आलीही होती. लाजेपोटी त्याने पुसली. आम्ही रागावलो नाही. दोघांनी बसून मंजुरी रद्द केली, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. वहिनींना काय सांगावे, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.