तोन्कात्सू आणि कोबी

ती. मामा,


मडगावच्या सोरपोतेलवर वाढलेल्या माणसाला डुकराच्या तळलेल्या तुकड्याचं कौतुक सांगणं म्हणजे धाडसच. या पदार्थात ना व्हिनेगरात मुरलेला मसाला, ना दुसऱ्या दिवशी आणखी खुलणारी चव. मीठ-मिरपूड लावलेलं मांस, मैदा, अंडं, पावाचा भरड चुरा आणि तापलेलं तेल. संपली कृती. तरी लिहितोय, कारण तोन्कात्सूची निम्मी मजा शेजारच्या कच्च्या कोबीत आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला पटायचं नाही.

टोकियोत ओमोतेसान्दो स्टेशनजवळच्या गल्लीत ‘माइसेन’ आहे. ही इमारत पूर्वी सार्वजनिक स्नानगृह होती, म्हणून आतल्या दालनाचं छत चांगलं उंच. दुपारी तिथे जेवलो. ‘हिरे’ म्हणजे बिनचरबीचा मऊ भाग, ‘रोसू’ला एका कडेने चरबीची पट्टी. मी अर्थातच रोसू मागवला. भात, मिसोचं सूप, थोडं लोणचं आणि केसासारख्या बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग. तुकड्याच्या पट्ट्या आधीच कापलेल्या, कारण खायचं चॉपस्टिक्सनी.

पहिला घास नुसत्या मिठाचा घ्यावा. चुरा कुरकुरतो, मग कडेची चरबी जिभेवर विरघळते. त्यानंतर गडद, आंबटगोड सॉस, आणि थेट नाकात चढणारी पिवळी मोहरी. दोन-तीन पट्ट्या झाल्या की तोंड तुपट होतं. नेमक्या तेव्हा गार कोबी खाल्ला की पुन्हा पहिल्या घासाइतकी भूक! आपल्या ताटात डावीकडच्या कोशिंबिरीचं जे काम, तेच इथे कोबीचं. बऱ्याच दुकानांत तो पुन्हा हवा तेवढा फुकट वाढतात. मी लाजलो नाही.

हा कोबी ताटात आला कसा, ते ऐक. चारपायी जनावरांचं मांस शतकानुशतकं टाळणाऱ्या या देशात 1872 साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी आली आणि पाश्चात्त्य जेवणाला जणू राजमान्यता मिळाली. गिन्झातल्या ‘रेंगातेई’ या 1895 च्या उपाहारगृहाने 1899 च्या सुमारास डुकराचं कटलेट तेम्पुरासारखं भरपूर तेलात तळायला घेतलं. सोबत शिजवलेल्या भाज्या असत. पुढे रशियाशी युद्ध पेटलं, स्वयंपाकघरातली तरणी पोरं सैन्यात गेली आणि भाज्या शिजवायला हात उरेनात. मग कच्चा कोबी चिरून वाढू लागले, असं सांगतात. मला हे खरं वाटतं. स्वयंपाकघरातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी अशाच माणसं कमी पडल्यामुळे जन्मतात.

आजच्यासारखा जाड तुकडा, वाटीभर भात आणि मिसो ही जोडी नंतर जमली. त्यावर करी ओतून खाण्याचीही इथे मोठी हौस आहे. इतक्या मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा रश्शात बुडवायचा, हे मला मुळीच मान्य नाही. तुझं मत वेगळं असेल. तुला रस्सा लागतोच.

ऑक्टोबरात येशील तेव्हा साडेअकरालाच निघू, बाराला रांग लागते. मामी बरोबर असेल तर ती तुला हिरे घ्यायला लावेल. तू मान डोलाव. रोसू मी माझ्या नावावर मागवीन.

तुझा,
बाळू