परळची वाट

दादरहून हिंदमातेवरून परळाकडे पायीं निघालें म्हणजे हातांत जाड फायली घेतलेले परगांवचे लोक भेटूं लागतात. टाटा स्मारक रुग्णालय जवळ आलें, हें तेवढ्यावरून ओळखावें. हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लगतच्या रस्त्यास तेथील विख्यात शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचें नांव आहे.

आमच्या धाकट्या बंधूंस तंबाखूनें गालाचा कर्करोग जडला. शस्त्रक्रिया व किरणोपचार होऊन तो आटोक्यांत आला. परंतु तपासणीसाठीं आम्हां दोघां भावांची ही वारी चालूच आहे. दादरला उतरून आम्ही मुद्दाम पायीं जातों. मागें एकदां डॉक्टरीणबाईंनीं पहिलाच प्रश्न केला, ‘‘काका, रोज किती चालतां?’’ बंधू निरुत्तर! घरीं सर्वांची माया उलट दिशेनें वाहत होती. ‘‘अण्णा, त्यांना उठवूं नका हो,’’ असें भावजय म्हणे, आणि दिवसभर पलंग व साजुक तुपांतला शिरा हाच उपचार चाले.

वस्तुतः किरणांनीं जबड्याचे स्नायू आखडतात; तोंड उघडण्याचा व्यायाम दिवसांतून अनेक वेळां केला नाहीं, तर पुढें घांस घेणेंही कठीण. लाळ आटल्यानें दांत किडतात, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. झिजलेलें शरीर भरून येण्यास शिऱ्यापेक्षां घट्ट वरण व दहीं बरें. चालण्याविषयीं तर २०२५ सालीं मोठाच पुरावा प्रसिद्ध झाला. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील, मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावरील उपचार संपलेल्या ८८९ रुग्णांपैकीं निम्म्यांकडून तीन वर्षें देखरेखीखालीं व्यायाम करविला. उरलेल्यांना छापील सल्ला दिला. आठ वर्षांच्या अखेरीस पहिल्यांत शेंकडा ९० हयात, दुसऱ्यांत ८३. आंतड्याचा हिशेब गालास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं, आणि व्यायाम औषधाची जागा घेत नाहीं, हें खरें. पण पलंगाचा पक्ष त्यानें पुष्कळच दुबळा होतो.

या वाटेवरही पानाच्या टपऱ्या लागतात. तेथें बंधूंचीं पावलें मंदावतात. मी बोलत नाहीं. माझा वेग तेवढा वाढवितों.

खरी अडचण घरांतच आहे. समोर दुसरा खुशाल तंबाखू मळीत असतां ह्यानें ती सोडावी कशी? एकत्र कुटुंबांत चंच्या तीन होत्या. गेल्या महिन्यांत भावजयीनें त्यांपैकीं दोन बंबांत टाकल्या. तिसरी थोरल्या चुलतबंधूंची. तिला हात लावण्याचें धैर्य अद्याप कोणास झालेलें नाहीं.