बेलीगारद ते परीखाना
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा

लखनौ, सोमवार
रेसिडेन्सीचे नाव सांगताच रिक्षावाला क्षणभर घोटाळला आणि मग "अच्छा, बेलीगारद!" म्हणून निघाला; जॉन बेली नामक रेसिडेंटाच्या नावाचा दरवाजा लोकांच्या जिभेवर साऱ्या आवाराचे नाव होऊन राहिला आहे. दिवाणखाना, खजिना, मेजवानीची इमारत, चर्च आणि दफनभूमी असा एखाद्या विलायती खेड्याचा संसारच नवाबांच्या राजधानीत येथे मांडला गेला होता. चर्चचे आता केवळ जोते उरले आहे. 1856 साली अवध खालसा झाले, आणि पुढल्या वर्षीच्या उठावात 30 जून रोजी चिनहटची लढाई इंग्रज हरल्यावर सुमारे 3,000 माणसे, ज्यांत कंपनीशी इमान राखणारे शेकडो हिंदी शिपाईही होते, या आवारात कोंडली गेली. भिंतींवरील तोफगोळ्यांचे व्रण पाहत मी 4 जुलैला मरण पावलेल्या, आवारातील इंग्रजांच्या प्रमुखाच्या, हेन्री लॉरेन्सच्या साध्या कबरीपाशी आलो, आणि तिथे उभे असता मनात कटुता नव्हती. मात्र हा वेढा घालताना जे पडले, त्यांच्यासाठी गोमतीकाठी शहीद स्मारक उभे राहण्यास 1957 साल उजाडावे लागले, ही गोष्ट दिवसभर मनातून जाईना.

मंगळवार
दिलकुशा. नवाब सआदत अली खानांसाठी गोर आउझली या इंग्रजाने बांधलेली ही कोठी नॉर्थम्बरलंडमधील सीटन डेलव्हल हॉलच्या धर्तीवर होती. आता भग्न भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

बुधवार
कैसरबागेतील परीखान्यात, जेथे नवाब वाजिद अली शाह गायिका-नर्तिकांना तालीम देववीत असे, तेथे आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. वाळकेश्वरी जन्मलेल्या, वकिली केलेल्या या मराठी गृहस्थाने खानदानी उस्तादांच्या कंठी बंदिस्त असलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून घेतल्या आणि 1926 साली, राय उमानाथ बली प्रभृतींच्या साह्याने, या शहरात आजच्या विद्यापीठाचे मूळ असलेले मॅरिस कॉलेज उभे केले. नवाबी गेली, रेसिडेन्सी उद्ध्वस्त झाली, पण या दालनांतून गाणे गेले नाही, हे ऐकण्यासाठीच मी इतक्या दूर आलो होतो.

ओसरीवर एक विद्यार्थिनी भातखंडे यांचे क्रमिक पुस्तक उघडून बसली होती. ते मुळात मराठीत लिहिले गेले, असे मी सांगताच तिने ते माझ्यापुढे धरले आणि मराठीत वाचून दाखवण्याचा आग्रह केला. पान हिंदी होते; मी मराठीत वाचू लागलो, आणि चीज येताच ती गाऊ लागली.

(क्रमशः)