“सिस्टर, झोपेची गोळी द्या ना!”

प्रिय मंगल,

तुझा ‘नाईट संपली गं, झोपते आता’ हा मेसेज आला तेव्हा इथे मी जेवणाचा डबा उघडत होते. तुमच्या डब्लिनचं गणित काही माझ्या डोक्यात बसत नाही. असो. मलाही या महिन्यात फीमेल मेडिकलच्या नाईट लागल्यात.

दहाची औषधं वाटून होतात न होतात तोच सुरू: “सिस्टर, झोपेची गोळी द्या ना!” डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय देता येत नाही, असं सांगून मोकळं होता येतं. पण मी आधी विचारते, जागं कशानं राहता? एकीच्या डोक्यावरच ट्यूबलाइट. एकीचे गुडघे ठणकतात, पण ‘एवढ्यासाठी सिस्टरला काय त्रास द्यायचा’ म्हणून गप्प. एक दुपारभर घोरलेली असते. तिला रात्री झोप यावी तरी कशी?

बारा नंबरच्या आजींचं सांगते. हार्ट फेल्युअर, पाय सुजलेले. रात्रभर बाथरूमला उठबस आणि सकाळी रडकुंडीला. चार्ट बघितला तर लॅसिक्सचा दुसरा डोस रात्री आठला! लघवीला उठवायचं आपणच, आणि वर झोपेची गोळीही द्यायची? राउंडला सरांच्या कानावर घातलं, त्यांनी डोस दुपारी दोनला आणला. आडवं झाल्यावर दम लागायचा तेही आजींनी विचारल्यावरच सांगितलं. सरांनी तपासलं, मग पाठीमागून कॉट उंच करून दिली. अल्प्राझोलाम दिली असती तर त्याच आजी पहाटे गुंगीत उठून पडल्या असत्या. या वयात गोळीनं माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं, ते तूही बघितलंयस.

आणि झोप मोडण्यात आपलाही हात काही कमी नाही गं. बाराला टेंपरेचर, दोनला इंजेक्शन, चारला शुगर, पाचला रक्त. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं. ते पुरं व्हायच्या आत आपण दिवा लावून उभ्या! सिरीयस पेशंटला तासातासाला बघावंच लागतं, तिथे तडजोड नाही. बाकीच्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून, जमेल तेवढं एका फेरीत उरकते. नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या पुस्तकात आवाजावर अख्खं प्रकरण लिहिलंय; पहिल्या झोपेतून उठवलेल्या पेशंटला पुन्हा झोप लागणं कठीण, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटना रात्रीच्या वॉर्डात ३० डेसिबल म्हणते. आमची ट्रॉली एकटीच ते ओलांडायची! मावशींनी चाकांना तेल घातलं, तेव्हा कुठे निम्मा वॉर्ड सुखी झाला.

घोरणाऱ्यांकडेही लक्ष ठेव. ‘छान गाढ झोपल्यात’ म्हणून नातेवाईक खूश, पण मध्येच श्वास थांबून दचकून पुन्हा सुरू होत असेल, तर ते लिहून डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा पेशंटला झोपेची गोळी म्हणजे जोखीमच.

आपल्याकडे मात्र ‘पेशंट स्लेप्ट वेल’ ही ओळ काही जणी मध्यरात्रीच लिहून ठेवतात! तुमच्याकडे पेशंट किती तास झोपला, कशानं उठला, असं लिहायला वेगळा तक्ता असतो का? असेल तर त्यात काय काय भरतात ते कळव. इनचार्ज सिस्टरांना दाखवीन म्हणते.

तुझी,
शैला