धुरातली मुडी

केनेमा मागे पडलं. काइलाहुनचा डांबरी रस्ता सोडून आमची ओकाडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, आत वळली आणि चाकाखाली तांबडी जांभ्याची माती आली. मी सिंधुदुर्गातली. सिएरा लिओनच्या या पूर्व टोकाला ती माती, सप्टेंबरातला तो पाऊस आणि दोन टेकड्यांच्या मधलं ते पाणथळ खाचर बघून पोटात काहीतरी हललं. बायका गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावत होत्या. वरच्या उतारावर डोंगरी भात पिकायला आलं होतं. मचाणावर एक पोरगा गोफण घेऊन पाखरं हाकत होता.

“कुशे! आउ दी बॉडी?” क्रिओ भाषेत लोक असं विचारतात. बरी आहेस ना?

बरे म्हणण्यासारखे हे दिवस नव्हते. जून ते सप्टेंबर हा इथला उपासमारीचा हंगाम. जुना तांदूळ संपलेला असतो, नवा कापणीला आलेला नसतो. दुकानातला तांदूळ बाहेरून येतो आणि सुट्टा कपावर विकला जातो. सकाळी एका घरापुढे मी एका बाईला दोनच कप घेताना पाहिलं. घरात माणसं सात.

याच काइलाहुन जिल्ह्यातल्या बोमारू गावात २३ मार्च १९९१ रोजी लायबेरियातून बंडखोर घुसले आणि अकरा वर्षांचं युद्ध सुरू झालं. सुमारे पन्नास हजार माणसं गेली, कित्येकांचे हात तोडले गेले. १८ जानेवारी २००२ रोजी शस्त्रांची होळी करून “वॉर डॉन डॉन”, युद्ध संपलं, असं जाहीर झालं. मी भारतीय आहे हे कळल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी माझा हात हातात घेतला. “डारूला तुमचे सैनिक होते,” ते म्हणाले. २००० सालच्या जुलैत काइलाहुनला अडकलेल्या दोनशेहून अधिक शांतिसैनिकांना भारतीय तुकड्यांनी ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडवलं होतं. त्याची आठवण या भागात अजून आहे.

युद्धाने शेतीचं काय केलं, हे मला गावातल्या एका आजीबाईंनी सांगितलं. साठी ओलांडलेली, हाडकुळी, डोक्याला फडकं गुंडाळलेली बाई. बंडखोर आले तेव्हा लोक जंगलातून गिनीकडे पळाले. कणगीतला तांदूळ लुटला गेला, उरलेलं तिथल्या निर्वासित छावणीत पोहोचेपर्यंत खाऊन संपलं. “बी पण खाल्लं,” त्या म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प बसल्या. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला त्या गप्पपणाचा अर्थ सांगावा लागत नाही. छावणीत मिळायचा बल्गर, म्हणजे उकडून भरडलेला गहू. पोट भरायचं, पण भात खाल्ला नाही तर इथला माणूस जेवलो म्हणत नाही.

परत आल्यावर गावाची शेतं झाडीत बुडालेली. तेव्हा मदत म्हणून बियाणं वाटलं गेलं, आणि बियाण्याबरोबर खायचं धान्यही. भुकेल्या घरात नुसतं बी दिलं तर ते पेरलं जाण्याआधी चुलीवर चढतं. म्हणून कापणीपर्यंतचं अन्न सोबत द्यायचं, म्हणजे बी वाचतं. मदतीच्या साऱ्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटली. बी वाचलं तर पुढच्या वर्षी गोणी मागावी लागत नाही.

जागतिक अन्न कार्यक्रमाने अलीकडे या देशात पाणथळ खाचरं दुरुस्त करण्यावर भर दिला आहे. मेरा बांधायच्या, पाटाचं पाणी वळवायचं; काम करणाऱ्यांना रोख किंवा धान्य. मग त्याच शेतकऱ्यांचा तांदूळ शाळेच्या जेवणासाठी विकत घ्यायचा. वाणांच्या बाबतीतही हा देश भिकारी नाही. आफ्रिकी आणि आशियाई भाताच्या संकरातून नेरिका हे वाण घडवणारे माँटी जोन्स सिएरा लिओनचेच. त्यांना २००४ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि आता, बांध उभे राहत असताना, मोठे देश मदतीचा हात आखडता घेत आहेत. अमेरिकेने २०२५ मध्ये आपली परदेश मदत संस्थाच बंद केली. अर्ध्या बांधलेल्या मेरेवर उभं राहून हे आठवलं की संताप येतो. पाऊस कुणाच्या अंदाजपत्रकासाठी थांबत नाही.

संध्याकाळी आजीबाईंनी मला स्वयंपाकाच्या झोपडीत नेलं. तीन दगडांच्या चुलीवर कसावा शिजत होता, साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद. शेजारी पाम तेलात कसाव्याच्याच पाल्याचं कालवण. धुराने डोळे चुरचुरले. त्यांनी वर बोट दाखवलं. आढ्याला, बरोबर चुलीवर, भाताच्या लोंब्यांची एक जुडी टांगलेली होती, धुराने काळी पडलेली. आमच्याकडे पेंढ्याच्या मुडीत बी बांधून ठेवतात, हे मी त्यांना हातवारे करून सांगितलं. त्या हसल्या. किडा लागत नाही, त्या म्हणाल्या.

पाचेक वर्षांची नात आली, भांड्यात डोकावली. “राइस?” तिने विचारलं.

आजीबाईंनी एकदा जुडीकडे पाहिलं, मग कसाव्याचा एक तुकडा फुंकून तिच्या हातावर ठेवला.