परवाना

फुकट वाचण्यासारखे सुख नाही! आमच्या एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभ्या उभ्या मी दिवाळी अंक वाचत असे. काका एवढेच म्हणत, "घडी मोडू नकोस."

पुढे मी वकील झालो आणि एके दिवशी काका नोटीस घेऊन आले. परवाना रद्द! "तीस वर्षं भाडं भरलं, अन् जागा माझी नाही?"

करारात 'भाडे' हा शब्दच नव्हता. होते 'परवाना शुल्क'. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे परवाना म्हणजे नुसती मुभा, जागेवर हक्क नव्हे. नावावरून काही ठरत नाही म्हणा. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाचा 'लायसन्स' म्हणून लिहिलेला करार भाडेपट्टा ठरवला होता. पण तिथे खोल्यांचा ताबा पूर्णपणे दुकानदाराचा होता. काकांची किल्ली रोज रात्री स्टँडच्या कचेरीत जमा होई.

उरले त्याच कायद्याचे ६३ वे कलम : आवराआवरीला वाजवी मुदत. ती आम्ही मागितली आणि मिळाली, दिवाळी अंक खपेपर्यंतची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकांनी शेवटचा अंक माझ्या हाती ठेवला. मी खिशात हात घातला.

"इतकी वर्षं कधी पैसे दिलेस?" ते हसले.

त्या संध्याकाळी माझाही परवाना संपला.